तिसरं पान पालथं

पान पहिलं

बाबारावांना विहिरीबाहेर काढलं तेव्हा त्यांच्या एकाच पायात वहाण होती. नानाजी मास्तरानं त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं, डोक्यामागच्या जखमेकडेही. नजर खाली आणली तर तो दुसरा पाय समोर आला. उघडा, पांढराफटक, बोटं आत वळलेला. आपल्याला भीती लागली ती त्या पायानं, असं तो नंतर लोकांना सांगत असे. ते काही खरं नव्हतं. भीती थोड्या वेळानं लागली, आणि कुठल्या क्षणी लागली हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार होती. सारं गाव मारुतीच्या पारापुढं पोरांचे लाकडी बैल बघायला जमलं होतं. खरे बैल गोठ्यात आराम करत होते. पावसानं ओढ दिलेली, त्यामुळं हिंगणीच्या वाटेवरच्या बाबारावांच्या संत्राबागेत सकाळपासून तेलाचं इंजिन ठकठकत होतं. त्याचा आवाज गावापर्यंत येई. बागेच्या मध्यावर टिनाची खोली होती. तिथं तिघं पत्ते खेळत बसले होते : बाबारावांचा पुतण्या रूपराव, दुकानवाला हिरालाल शेठ आणि नानाजी मास्तर. पोळ्याचे दोन दिवस पत्ते खेळले तर त्याला जुगार म्हणायचं नाही, असा या भागातला समज.

डाव रंगात असताना इंजिन थांबलं. डाव संपतो न संपतो तोच विहिरीकडून हाका आल्या.

हाका मारत होता रामाजी, इंजिनवरचा माणूस. तो बागेच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचा दांड वळवायला गेला होता. इंजिन बंद पडलं म्हणून धावत आला, तर पाण्यावर मालकाची टोपी तरंगताना दिसली. त्यानं उडी टाकली. तिघं पोचले तेव्हा तो बाबारावांना पायऱ्यांशी छातीवर धरून उभा होता, गळ्यापर्यंत पाण्यात.

"मास्तर, हात द्या," तो खालून म्हणाला. नानाजीनं हात दिला.

दिवस मावळायच्या आत फौजदार काळमेघ आला. उंच, सावळा, आवाज न चढवता बोलणारा. त्यानं पहिला प्रश्न केला तो इंजिनाचा. इंजिन बंद करायची दांडी विहिरीच्या काठावर, म्हणजे ते थांबलं तेव्हा मारणारा तिथंच असणार. सारं गाव पारापुढं एकमेकांच्या डोळ्यांदेखत होतं. बागेत उरले चौघं. त्या वेळी कोण कुठं होतं?

रूपराव म्हणाला, "आमी तिघं डावावर होतो साहेब. मोठा डाव पडला होता. कोणी जागचं हाललं नाई."

"माह्या पुढ्यात बसून होता रूपराव," हिरालाल शेठनं फौजदाराबरोबरच्या शिपायापुढं हात जोडून सांगितलं. "चालीवर चाल टाकून राह्यलता."

फौजदारानं नानाजीकडे बघितलं. नानाजीनं मान हलवली. एवढंच.

रामाजीला बेड्या घालून नेलं.

पान दुसरं

गावाला हे पटायला वेळ लागला नाही. रामाजीनं मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. यंदाच्या पोळ्याला तोरणापुढं हलगी वाजवायला त्याला बोलावणं आलं, तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर बाबारावांना सांगितलं की मालक, इंजिनाचं काम सांगा ते करतो, हलगी आता वाजणार नाही. बाबाराव नको ते बोलले. रामाजी उलटून काही बोलला नाही, घरी निघून गेला. पण आदल्या दिवशी हे घडलं आणि दुसऱ्या दिवशी विहीर. ज्यांना त्याचं ताठ मानेनं चालणं सलत होतं त्यांना आणखी पुरावा नकोच होता.

नानाजीला हे सगळं कळत होतं. तो जनपद सभेच्या शाळेत मास्तर होता, आणि मास्तर पत्ते खेळताना सापडला असं एकदा कागदावर आलं की शाळा संपली. ही त्याची लहान भीती. तो लोकांपुढं हीच काढून दाखवायचा.

मोठी भीती रूपरावची होती. रूपराव चाळिशीचा, अंगानं आडवा, तोंडानं मुका म्हणावा असा. बाबारावांना मूल नव्हतं, बाग तोच बघायचा. येत्या दसऱ्याला बाबाराव आपल्या बायकोचा, सीताबाईचा भाचा समुद्रपूरहून आणून दत्तक घेणार होते. साऱ्या गावानं त्यावर तोंडसुख घेतलं. रूपरावनं कधी अवाक्षर काढलं नाही. विचारात असला की त्याचा पितळी अडकित्ता तेवढा वाजत राहायचा. कट्ट. कट्ट. सुपारीचं एक खांड झालं की दुसरं. पत्ते खेळतानाही तसंच.

आता तो आवाज नानाजीला कुठंही ऐकू यायचा. शेंगा फोडताना, दाराच्या कडीत, फळ्यावर खडू मोडला तर.

पान तिसरं

हे पान पालथं आहे. ज्याचं आहे त्यालाही ते उचलायचा धीर झालेला नाही. तूर्त पुढचं घ्या.

पान चौथं

सोमवारी शाळा सुटायच्या वेळी रूपराव आला आणि वर्गातल्या मागच्या पाटावर मांडी घालून बसला. पोरं हसली. नानाजीनं पाढा मधेच सोडून त्यांना घरी धाडलं.

रिकाम्या वर्गात दोघंच. बाहेर बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, पण नानाजीला त्यांतही अडकित्ताच ऐकू येत होता. घाबरलेल्या माणसाचे कान असेच असतात.

"फौजदार उद्या पुन्हा येऊन राह्यला," रूपराव म्हणाला.

नानाजीनं फळा पुसायला घेतला.

"तुमी एकडाव मान हलवली, मास्तर. हलवली का नाई?"

"हलवली."

"मंग आता ते राखा." रूपराव उठला. नानाजीच्या टेबलाशी आला, खिशातून अडकित्ता काढला आणि हजेरीच्या पानांवर अलगद ठेवला, जणू कुणाच्या झोपलेल्या लेकराच्या छातीवर हात ठेवतो आहे. "हा ठेवून जातो. मले देवळीले नवा भेटन. तुमाले आठवण राह्यली पायजे."

तो गेला. नानाजी बराच वेळ त्या अडकित्त्याला हात न लावता उभा होता. घोड्याच्या तोंडाची मूठ, घोड्याचा एक कान झिजलेला. शेवटी त्यानं तो रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात टाकला. घरी बायकोनं, शकुबाईनं विचारलं, छातीवर हात धरून काऊन बसले? तो म्हणाला, जळजळ होते.

पान पाचवं

दुसऱ्या दिवशी सकाळी रामाजीची बायको धुरपता दाराशी आली. ती आत येत नव्हती, शकुबाई आत ये म्हणत नव्हती. नानाजीच बाहेर ओट्यावर गेला. धुरपताच्या हातात कोरा कागद होता, चार घड्या घातलेला, घामानं मऊ पडलेला.

तिला कोर्टात अर्ज द्यायचा होता. गावात लिहिता येणारे बरेच होते, पण कुणी लिहायला तयार नव्हतं. तिनं सांगायचं आणि मास्तरानं लिहायचं, एवढीच तिची मागणी. नानाजीनं कागद मांडीवरच्या पाटीवर ठेवला आणि दौत उघडली.

तिनं जे सांगितलं ते साधंच होतं. माझा नवरा पोहून मालकाला काढायला गेला. मारणारा माणूस मेलेल्याला वर काढत नाही, पाण्यात राहू देतो. त्याच्या अंगावरचं रक्त छातीवर होतं, कारण त्यानं डोकं छातीशी धरलं होतं. नानाजी लिहीत गेला. शाळेत शुद्धलेखन घालतो तसं एकेक अक्षर वळणदार काढत गेला, कारण अक्षराकडे बघितलं की तिच्याकडे बघावं लागत नव्हतं.

"आनखी लिहा," ती म्हणाली, "का इंजिन थांबलं तवा तिघं जनं खोलीत होते, ते म्हंतेत का आमी हाललो नाई. लिहा का त्याहीले देवाची आन घालून इचारा."

टाक थांबला. शाईचा थेंब कागदावर पडला.

"काऊन थांबले, मास्तर?"

"शाई जास्त झाली," नानाजी म्हणाला. त्यानं तेही लिहिलं.

ती जाताना म्हणाली, "हे म्हणत होते, मास्तरनं हात देल्ला तवा त्याहीचा हात लय थरथरत होता. तुमी भले मानूस हा."

पान सहावं

फौजदार काळमेघ दुपारी शाळेतच आला. एका हातात पत्त्यांचा जोड, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेले चिंचोके. त्यानं खुर्ची नाकारली आणि सतरंजीवर बसला.

"मला पत्ते येत नाहीत," तो म्हणाला. "आईनं शपथ घातली होती. तुम्ही मास्तर आहात, शिकवा. पैशाऐवजी चिंचोके, म्हणजे तुमची नोकरी नको जायला."

नानाजीनं पत्ते नाइलाजानं हातात घेतले. तरी शिकवायचं म्हटलं की त्याची जीभ आपोआप चालू लागे. तीन पत्ते सगळ्यांना माहीत असतात, तो सांगू लागला, पण आपल्या इथली रीत जरा वेगळी. कापसाच्या जिनिंगमधल्या गोऱ्या साहेबाच्या बावर्च्यानं ती आणली. साहेब लोक तिला ब्लाइंड म्हणत, इथं तिची आंधळी झाली. ज्याची पाळी येईल त्यानं पत्ते वाटायच्या आधीच आपला वाटा मधे टाकायचा. मग बाकीचे आपापले पत्ते बघून चढवतात. आता आंधळीवाल्यानं ठरवायचं. पत्ते न बघता अजून टाकून आपली आंधळी राखायची, की पत्ते उचलून बघायचे, की टाकलेलं सोडून बाजूला व्हायचं.

"आणि तो बघतच नसेल तर समोरच्यानं पत्ते उघडायला लावून मोकळं व्हावं."

"तसं नाई चालत. ज्यानं पत्ते पाह्यले त्याले आंधळ्याकडं शो मागता येत नाई. आंधळ्यानं मागावा लागते. तवरिक चालीवर चाल."

फौजदारानं चिंचोक्यांच्या दोन राशी केल्या. मग म्हणाला, "म्हणजे आंधळा गप्प बसला तर डाव लांबतच जाणार."

"हो."

दोघांनी चिंचोक्यांवर काही डाव खेळले. फौजदार प्रत्येक आंधळी राखायचा आणि प्रत्येक हरायचा. त्याची रास संपत आली तेव्हा त्यानं विचारलं, "राखायची केव्हा, सोडायची केव्हा, काही नेम आहे का?"

"चढवणारा कोण, ते पाहाचं," नानाजी म्हणाला. तो आता खरंच शिकवत होता, घटकाभर सारं विसरून. "बडबड्या मानूस हवेवरबी चढवते, त्याच्यापुढं राखाची. मुक्यानं चढवलं तर सोडाची. आपल्यामागून चाल टाकनारा कोनी उरला का, तेबी पाहाचं. अन् सगळ्यात मोठं, टाकलेल्याकडं पाहाचंच नाई. टाकलं ते आपलं राह्यलं नाई, डावाचं झालं. पुढं किती टाका लागते, अन् त्याच्यापायी काय भेटन, तेवढंच पाहाचं."

"आणि लोक काय बघतात?"

"टाकलेलंच पाहतात साहेब. म्हून तर बुडतात."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. छातीवरच्या खिशातला अडकित्ता जड झाला.

फौजदारानं चिंचोके सावकाश गोळा केले. "शेठ कसा खेळतो?"

"शेठ कधीच सोडत नाई. पन लय बोलते."

"तुम्ही?"

"मी लवकर सोडतो. घाबरट मानूस."

"आणि रूपराव?"

"रूपराव एकडावबी बिन पाह्यता राखत नाई. दुसऱ्या फेरीले पत्ते उचलते, बरे असले तर राह्यते, नाई तर फेकते. गावात चिडवतात त्याले, का रूपरावची आंधळी एका फेरीत डोये उघडते..."

तो थांबला. आपण काय बोलून बसलो, हे त्याला वाक्याच्या शेवटी कळलं.

"चला," फौजदार उठत म्हणाला, "शेठकडे जाऊ."

पान सातवं

हिरालाल शेठ दुकानात गल्ल्यावर होता. फौजदारानं ओठांवर बोट ठेवून नानाजीला दारातच थांबवलं. त्याच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली आणि गल्ल्यासमोरच्या सरकीच्या पोत्यांवर ठेवली. स्वतः खोकून पुढं झाला.

"या या साहेब. अन् मास्तरले बी आनलं का. बसा."

फौजदारानं त्या दिवशीचा मोठा डाव कसा झाला ते विचारलं. शेठची कळी खुलली. आयुष्यात तसा डाव नाही! रूपरावची आंधळी होती. मास्तर पहिल्याच फेरीत पत्ते टाकून मोकळा झाला. "माह्याजवळ बादशहाची जोडी. मी चढवलं. तो राखून राह्यला. मी आनखी चढवलं. तो आनखी. मी म्हनलं, का रे रूपराव, आज भांग घेतली का, पत्ते तर पाह्य! उत्तर नाई. चाल येऊनच राह्यली. शेवटी त्यानंच शो मागतला, अन् काय निंगालं? दुर्री, पंजी, नव्वी, तीन रंगाची. असल्या कचऱ्यावर मानूस तवरिक राह्यते का? हो ना मास्तर?"

त्यानं सरकीच्या पोत्यांकडे बघून विचारलं होतं.

पोती गप्प राहिली.

"काऊन मुके झाले, मास्तर?" शेठ टोपीला म्हणाला. "ह्या साहेबाले भेता का?"

दारातला शिपाई हसू दाबायला बाहेर गेला. नानाजीला हसू आलं नाही. त्या दिवशीही शेठ असाच, अशाच खुषीत, समोरच्या रिकाम्या जागेशी बोलत होता.

फौजदार मृदूपणे म्हणाला, "शेठ, मोतीबिंदू केव्हापासून?"

शेठचा चेहरा पडला. मग त्यानं कबूल केलं. पत्ते नाकाशी धरले तर दिसतात. पलीकडचं सगळं धुकं. गिऱ्हाइकाला कळलं तर मापात हात मारतील, म्हणून बोलत नाही.

"मग रूपराव समोर बसला होता, हे कसं कळलं?"

"चाल पडे ना. पैसा वाजे."

"डोळे गेलेल्याचे कान तिखट असतात. इंजिन थांबलं तेव्हा एकदम शांत झालं असेल. त्या शांततेत काय काय ऐकू आलं?"

शेठनं डोळे मिटले. "पाखरं. दूर पारापाशी पोरांचा गलका. माहंच बोलनं. पैसा पडला, खन् करून." तो घुटमळला. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं हलली. "साहेब... अडकित्ता नाई वाजला."

"नक्की?"

"रूपराव डावात असला का कट्टकट्ट थांबतच नाई. त्या वक्ती नाई वाजला. शो मागतला तवा वाजला, त्याच्याआधी थोडकासा. मधातल्या वक्ती..." शेठनं डोळे उघडले आणि काही न दिसणाऱ्या नजरेनं दुकानभर बघितलं. "मंग मी बोलून कोनासंग राह्यलतो?"

पान आठवं

बुधवारी सकाळी फौजदारानं तिघांना बागेतल्या टिनाच्या खोलीत बसवलं, ज्याच्या त्याच्या जागेवर. इंजिन त्या दिवसापासून बंदच होतं. रूपरावच्या हातात नवा अडकित्ता होता, देवळीचा, अजून नीट न चालणारा. त्याचा आवाज जरा किरटा होता.

फौजदारानं एक वहाण सतरंजीवर ठेवली. बाबारावांची दुसरी. ती इंजिनाच्या ओट्याखाली, बंद करायच्या दांडीशी अडकलेली सापडली होती.

"म्हणजे इंजिन बाबारावांनी स्वतः थांबवलं," तो म्हणाला. "का? सीताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रामाजीशी ते बागेत कधी बोलतच नसत, इंजिनाच्या आवाजात लांबून हातानं खुणा करत. रामाजीसाठी त्यांनी इंजिन बंद केलं नसतं. ज्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आहे अशा माणसासाठीच कुणी चालतं इंजिन बंद करतो. घरच्या माणसासाठी. दत्तकासारखं काही बोलायचं असेल तर."

कट्ट.

"शेठनं तुम्हाला बघितलं नाही. त्यानं पैसा ऐकला. अडकित्ता ऐकला नाही. आणि जो माणूस जन्मात आंधळी राखत नाही त्यानं त्या दिवशी दुर्री-पंजी-नव्वीवर शेवटपर्यंत राखली. मी म्हणतो, त्यानं पत्ते बघितले नाहीत कारण बघायला तो इथं नव्हता. त्याच्या नावानं दुसराच कुणी टाकत होता. आणि शेठला आंधळ्याकडे शो मागता येत नव्हता, म्हणून डाव तो परत येईपर्यंत लांबला."

रूपराव हसला. त्याला हसताना नानाजी पहिल्यांदाच बघत होता.

"पोळा होता साहेब. एक डाव डोये झाकून खेळलो. हा गुन्हा हाय का? शेठले दिसत नाई, त्याच्या कानावर कोनाले फाशी देता? मास्तरले दिसते. मास्तर माह्या बाजूले बसून होता. त्यानं मान हलवली, तुमच्या पुढं, गावापुढं." त्यानं अडकित्ता नानाजीच्या दिशेनं धरला. "इचारा."

फौजदार नानाजीकडे वळला. त्यानं तीन पत्ते काढून नानाजीपुढं पालथे टाकले आणि वाट बघत बसला.

नानाजीनं पत्त्यांना हात लावला नाही. टाकलेलं काय काय होतं? ती मान. त्यानंतरचे गप्प बसलेले दिवस. धुरपताच्या अर्जावरचं वळणदार अक्षर. हे सगळं राखायचं तर आज पुन्हा मान हलवावी लागणार, उद्या कोर्टात हात वर करून शपथ, आणि मग एके दिवशी नागपूरच्या तुरुंगातून रामाजीची बातमी. प्रत्येक चाल आधीच्यापेक्षा मोठी. आणि चढवणारा मुका होता.

सोडायचं तर काय जाणार, तेही स्वच्छ दिसत होतं. शाळा जाणार. गावात तोंड दाखवणं जाणार. खोटेपणाबद्दल फौजदार काय करील कोण जाणे. आणि रूपरावचे भाऊबंद शाळेच्याच आळीत राहत होते.

कट्ट. कट्ट.

नानाजीचा हात छातीकडे गेला. कोटाचं बटण निघेना. शेठ विचारत राहिला, काय झालं, कोन काय करून राह्यलं, मले सांगा ना कोनी. बटण तुटलं. नानाजीनं घोड्याच्या तोंडाचा अडकित्ता बाहेर काढला आणि त्या तीन पालथ्या पत्त्यांवर ठेवला.

"हा इथं होता साहेब," तो म्हणाला. "मानूस नव्हता."

नवा अडकित्ता वाजायचा थांबला.

पान तिसरं, उलटून

मास्तर पहिल्याच फेरीत सुटला होता. रूपरावची आंधळी होती. पत्ते त्याच्यापुढं पालथे पडले होते. त्यानं ते उचलले नाहीत. अडकित्ता त्यांच्यावर ठेवला, ही इथली रीतच. लघवीला, थुंकायला उठायचं झालं की आपली वस्तू पत्त्यांवर ठेवायची आणि शेजाऱ्यानं उठलेल्याच्या राशीतून टाकत राहायचं. मग कुणी आपले पत्ते बाद करत नाही.

"मास्तर, माह्या वाटचं टाकत राहजा. आलोच," तो कानाशी म्हणाला.

नानाजी टाकत राहिला. शेठ चढवायचा, बडबडायचा, तपकीर ओढायचा, पुन्हा चढवायचा. रूपराव कुंपणाआड गेला असेल, आता येईल. इंजिन थांबलं. नानाजीनं पैसा टाकला. त्याला शेठची गंमत वाटत होती, समोर कुणी नाही आणि हा भांडतोय. मग रूपराव आला, बसला, अडकित्ता उचलून सुपारी फोडली, शो मागितला, हरला. त्याच्या कपाळावर घाम होता. ऊन होतं, सगळ्यांच्याच कपाळावर होता.

मग रामाजीच्या हाका आल्या. तिघं धावत निघाले, तेव्हा वाटेत रूपरावनं मास्तरच्या दंडाला धरलं. नुसतं धरलं, आणि लगेच सोडलं. तिथं लागली भीती. विहिरीत काय दिसणार आहे ते नानाजीला विहीर दिसायच्या आधी कळलं, आणि हेही कळलं की इंजिन थांबलं तेव्हा त्या माणसाचा जागेवर असल्याचा पैसा आपण आपल्या हातानं टाकला होता.

उरलेलं पान

रूपरावला नेलं. रामाजी परत आला. दिवाळीच्या आत जनपद सभेचा कागदही आला आणि मास्तरच्या जागी सेलूकडचा एक तरुण मास्तर रुजू झाला. हिरालाल शेठनं डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आता तो पत्ते खेळत नाही. म्हणतो, दिसायला लागल्यावर मजा गेली.

बाग सीताबाईच्या नावावर राहिली. तिनं रामाजीला इंजिनावर परत यायचं बोलावणं धाडलं. तो दोन दिवस विचार करत होता, मग गेला. जाताना नानाजीच्या ओट्यासमोरून गेला, पण थांबला नाही. धुरपता मात्र थांबली. तिच्या हातात तोच अर्ज होता, चार घड्यांचा, कोर्टात न दिलेला. तिनं तो उलगडला आणि शाईचा डाग त्याला दाखवला.

"ह्या डागापाशी तुमाले ठावं होतं," ती म्हणाली.

"हो."

तिनं कागद पुन्हा घडी घातला. फाडला नाही, दिलाही नाही. कनवटीला खोचून ती नवऱ्यामागं बागेकडे चालू लागली.

नानाजी ओट्यावर बसून राहिला. घरात शकुबाई सुपारी फोडत होती की शेंगा, कळेना, पण तो दचकला. मग हिंगणीच्या वाटेकडून इंजिन सुरू झालं. ठक, ठक, ठक. तो कान लावून बसला. आता थांबेल, आता थांबेल, असं त्याला संध्याकाळपर्यंत वाटत होतं.